कुर्त्याला खिसा का नसावा?

बारावीच्या सुट्टीत मी आईचे शिलाई यंत्र पुढे ओढले, तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, “झाली वाटतं लग्नाची तयारी सुरू!” मला राग आला. शिवण म्हणजे वधूपरीक्षेची शिदोरी, हा समज अजून गेलेला नाही.

वास्तविक कापड बेतणे हे बुद्धीचे काम आहे. छाती ३६ इंच, तर गळ्याची रुंदी तिचा बारावा भाग, म्हणजे ३ इंच. सपाट कापडातून गोल देह झाकायचा ही भूमितीच. माझ्या पहिल्या कुर्त्याच्या दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या निघाल्या! बाहीचा मुंढा पुढच्या बाजूने अधिक खोल कापतात. मी छापील कापड दुमडून न घेता एकेक बाही सुटी बेतली होती. वहीतली चूक रबराने खोडता येते, ही अर्धा मीटर कापड खाऊन गेली.

यंत्रांकडे साशंकतेने पाहणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली सिंगरच्या यंत्राला अपवाद मानले होते. असो.

मुद्दा खिशाचा. मुलींच्या तयार कुर्त्यांना खिसा क्वचितच असतो. किल्ली, पैसे, मोबाइल सारे पर्समध्ये, म्हणजे एक हात कायमचा गुंतलेला. हे ठरवले कोणी? मी बाजूच्या शिवणीत चांगला वीतभर खोल खिसा ठेवला. आई म्हणाली, “बेढब दिसतो गं.” दिसू दे!

आणि बाजारातले शिंपीदादा पुरुष असताना घरातली शिवण तेवढी मुलींचीच का? परवा वर्गातील एका बंधूने तुटलेले बटण लावून मागितले. मी त्याला सुईदोरा दिला.