बिलातला उच्चांक

मोठ्या व्यापारी इमारतीचे वीजबिल मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: महिन्याचा एकूण वापर आणि एका वेळी ओढलेली कमाल वीज. बहुतेक मालक पहिलीच पाहतात. धाराशिव जिल्ह्यात दुसरीची किंमत तुळजापुरात कळते. शारदीय नवरात्रात तेथील भक्तनिवास आणि लॉज भरतात. सकाळी गिझर, लिफ्ट आणि पाण्याचे पंप एकदमच चालू होतात. महावितरणच्या उच्चदाब व्यापारी ग्राहकाला ही उसळी महागात पडते, कारण कमाल विजेवरचा मागणी आकार काढताना मागील ११ महिन्यांतला उच्चांकही धरला जातो. गर्दी दहा दिवसांची, भुर्दंड मात्र पुढचे कित्येक महिने.

हा उच्चांक कोणत्या वेळी आला, ते डिजिटल मीटरच्या नोंदी सांगतात. मग टाकी आदल्या दुपारी भरावी, गिझर मजल्यांनुसार पाळीने लावावेत. खर्च जवळपास शून्य. पॉवर फॅक्टर घसरला असेल तर कपॅसिटर तपासावेत. एसीचे तापमान एक अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा अंदाज आहे. छतावर सौर पॅनेल बसवण्याआधी व्यावसायिकांनी वर्षभराची बिले एकदा शेजारी-शेजारी ठेवून वाचावीत.