प्रभावांची यादी म्हणजे समीक्षा नव्हे

मॅग्डालीन ओडुंडो यांच्या मृत्पात्रांविषयी लिहिताना समीक्षक बहुधा नकाशा उघडून बसतात. जन्म १९५० साली नैरोबीत, शालेय शिक्षणाचा काही भाग भारतात, १९७१ पासून इंग्लंड, पुढे नायजेरिया आणि न्यू मेक्सिको. मग ‘आफ्रिकी प्रभाव’, ‘अमेरिकी आदिवासी प्रभाव’ अशी बेरीज मांडली, की शैलीचा उलगडा झाला असे मानले जाते. ही पारपत्रावरील शिक्क्यांची मोजदाद झाली. हिला समीक्षा म्हणता येत नाही.

‘प्रभाव’ हा शब्द दोन अन्याय करतो. पहिला शिकवणाऱ्यावर. १९७४-७५ मध्ये ओडुंडो नायजेरियातील अबुजा (आजचे सुलेजा) येथील मृत्कला प्रशिक्षण केंद्रात गेल्या. तेथे त्यांना ‘आफ्रिका’ भेटली नाही, लादी क्वाली भेटल्या. चाकाशिवाय, मातीच्या वळ्या चढवत, भांड्याभोवती स्वतः फिरत ते घडवण्याची ग्वारी स्त्रियांची रीत क्वालींच्या हातात होती. त्यांचे चित्र नायजेरियाच्या २० नायराच्या नोटेवर आहे. केंद्र उभारणाऱ्या मायकेल कार्ड्यू या इंग्रज कुंभाराचा उल्लेख मात्र नावानिशी होतो आणि क्वाली ‘परंपरा’ या सामान्यनामात विरघळून जातात. ही वाटणी कोणत्या न्यायाने?

दुसरा अन्याय कलावंताच्या नकारावर. त्या केंद्रात चाक होते, झिलईही होती. ओडुंडोंनी दोन्ही बाजूस ठेवली. त्या पात्र हातानेच घडवतात, गाळीव मातीचा पातळ लेप देतात आणि घोटून चकाकी आणतात. मोकळ्या हवेच्या भाजणीत ते नारिंगी-लाल होते. तेच पुन्हा धूर कोंडून भाजले की काळे होते. न्यू मेक्सिकोतील सान इल्देफोन्सो येथे प्वेब्लो कुंभारांची काळी भांडी घडताना त्यांनी पाहिली होती. मारिया मार्टिनेझ यांच्यामुळे विख्यात झालेली तेथील काळ्यावरची काळी नक्षी मात्र त्यांनी उचलली नाही. त्यांची शैली शोधायची तर ती अशा स्वीकारात आणि नकारात शोधावी लागते.

प्रभाव मानले नाहीत तर तुलनात्मक अभ्यास कसा करायचा, असा आक्षेप येईल. तुलना अवश्य करावी. पण ‘प्रभाव’ म्हणताच कलावंत निष्क्रिय ठरतो, जणू त्याच्यावर काहीतरी आपोआप सांडले! साहित्याच्या वर्गातही ‘अमुक कवीवरील पाश्चात्त्य प्रभाव’ हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जातो. त्याऐवजी विद्यार्थ्यांना विचारावे: कोणाकडून घेतले, नेमके काय घेतले, आणि हाताशी असूनही काय घेतले नाही? या उत्तरासाठी देशांची नावे पुरणार नाहीत. कृतीकडे पाहावे लागेल.