विज्ञानकथांचे संकलन : विषय एक, लेखक अनेक, फायदा काय?

एकच विषय देऊन अनेक लेखकांच्या कथा एका पुस्तकात आणल्या, की नव्या लेखकालाही नामवंतांशेजारी जागा मिळते. मराठी विज्ञानकथेत नव्यांना ही संधी स्पर्धा आणि दिवाळी अंकांनी दिली. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या स्पर्धेत डॉ. जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' टोपणनावाने पाठवली. पहिले बक्षीस कथेला मिळाले, नावाला नव्हे. पण दिवाळी अंक पुढे रद्दीत जातो, त्यातली कथाही. बाळ फोंडके यांनी १९९३मध्ये भारतीय भाषांतील विज्ञानकथांचे संकलन केले, तेही इंग्रजीत. मराठी प्रकाशकांनी आता विषय ठरवून संकलने काढायला हवीत. पहिला विषय भाईंदरकरांच्या दारातच आहे : समुद्र वाढला तर खाडीचे, मिठागरांचे काय?