आपलं लेकरू कुणाला छळत तर नाही ना?

पावसाळ्यात राधानगरीचे धरण भरले की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे एकेक करून आपोआप उघडू लागतात. वाढलेल्या पाण्याला वाट मिळते. मुलाच्या मनाला असे दरवाजे नसतात. वर्गात रोज चिडवले जाणारे मूल घरी येऊन दप्तर फेकते, जेवत नाही, सकाळी पोट दुखते म्हणते, पण कारण सांगत नाही. सांगितलेच तर आपण म्हणतो, "अरे, मस्करी केली असेल, तू लक्ष देऊ नकोस." मग ते पुन्हा कधीच सांगत नाही.

मस्करी आणि छळ यांतला फरक ओळखणे अवघड नाही. मस्करीत दोघेही हसतात आणि एकाने 'पुरे' म्हटले की ती थांबते. छळात एकच बाजू हसते, तो पुन्हा पुन्हा होतो आणि सोसणाऱ्याच्या मागे कोणी उभे राहत नाही. आता तर तो शाळा सुटल्यावरही सुटत नाही. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवरून रात्री अंथरुणापर्यंत येतो.

आपल्या मुलांना नावावरून, टोपीवरून, हिजाबवरून टोमणे ऐकावे लागतात. कोणी सहज 'पाकिस्तानी' म्हणून जातो. ही जखम आपण जाणतो आणि तिच्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण आपलीच मुले एखाद्या सावळ्या मुलीला, अडखळत बोलणाऱ्या मुलाला, कुणाला बापाच्या धंद्यावरून किंवा बिरादरीवरून हिणवतात, तेव्हा आपण "पोरं आहेत" म्हणून सोडून देतो.

पवित्र कुरआनच्या सूरह अल-हुजुरातमधील अकरावी आयत याच विषयावर आहे. पुरुषांनी पुरुषांची आणि स्त्रियांनी स्त्रियांची टवाळी करू नये, एकमेकांना वाईट नावे ठेवू नयेत, कारण ज्याला हसले जाते तो हसणाऱ्यापेक्षा चांगला असू शकतो, असा तिचा आशय आहे. ही ताकीद सोसणाऱ्याला नाही, हसणाऱ्याला आहे. आणि तीही ईमानवाल्यांना उद्देशून. हजरत अबू जर (रजि.) यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सुनावले की तुमच्यात अजून अज्ञानकाळाचा अंश शिल्लक आहे. एवढ्या मोठ्या सहाबींनाही ही सवलत मिळाली नाही.

राधानगरी-दाजीपूरकडची मुले पुढच्या शिक्षणासाठी कोल्हापूर, पुणे, मुंबईच्या वसतिगृहांत जातात. तिथे हीच सवय रॅगिंग होते. जळगावची डॉ. पायल तडवी ही तडवी भिल्ल मुस्लिम समाजातली मुलगी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी, अवघ्या २६ व्या वर्षी, तिने जीवन संपवले. वरिष्ठ महिला डॉक्टर तिला जातीवरून टोमणे मारत, असा कुटुंबाचा आरोप आहे. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. पण तिची आई आबेदा तडवी आज दुसऱ्यांच्या लेकरांसाठी सर्वोच्च न्यायालयात दाद मागत आहेत.

महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. म्हणून तक्रार तोंडी देऊ नका. लिहून द्या आणि पोच घ्या. शाळांमध्ये सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी असते, तिची चौकशी करा. लहान मुलांसाठी १०९८, कॉलेजच्या रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ आणि मन खचले असेल तर टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवा.

"तुला कुणी त्रास देतं का?" असे आपण मुलांना कधीतरी विचारतो. "तू कुणाला त्रास देतोस का?" हे मात्र विचारत नाही. आज जेवताना दोन्ही विचारा. उत्तर 'हो' आले तर मारू नका. मारल्याने, बळ असलेल्याने मारायचे असते, एवढेच ते शिकेल. त्याला सोबत घेऊन त्या मुलाच्या घरी जा आणि माफी मागायला लावा. जुलूम करणाऱ्या भावालाही मदत करा, म्हणजे त्याचा हात धरून त्याला थांबवा, अशी प्रेषितांची शिकवण आहे. छळणाऱ्या लेकराला आई-बापाची खरी मदत हीच.

आपल्या लेकरांच्या जिभेपासून आणि हातापासून अल्लाह सर्वांना सुरक्षित ठेवो. आमीन.