राफ्टलाही भार उचलू द्या



उंच इमारतीचा सगळा भार जमिनीत खोल जाणाऱ्या पाइल्सवरच टाकावा, पायाच्या सलग जाड स्लॅबला म्हणजे राफ्टला हिशेबात धरणे म्हणजे जोखीम, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटत नाही. फ्रँकफर्टची २५६ मीटर उंच मेसेटुर्म पाहा. तिथल्या चिकणमातीत नुसत्या राफ्टवर उभ्या केलेल्या आधीच्या काही इमारती २० सेंटिमीटरहून अधिक खचल्या होत्या. म्हणून मेसेटुर्मला मध्यभागी ६ मीटर जाडीचा राफ्ट आणि त्याखाली फक्त ६४ पाइल्स दिल्या. मधल्या लांब, कडेच्या आखूड, कारण भाराखाली राफ्ट मधोमध बशीसारखा खोल जातो. प्रत्यक्ष मोजणीत साधारण निम्मा भार राफ्टने थेट मातीला दिल्याचे दिसले. पाइल्सचे मुख्य काम खचणे आवरण्याचे होते, आणि ते त्यांनी चोख केले.

राफ्टखालची माती पुढे बसली तर काय, हा पत्रलेखकाचा आक्षेप मात्र रास्त आहे. मुंबईत खाडीकाठी भरावाच्या वजनाने खालची मऊ चिकणमाती वर्षानुवर्षे बसत राहते; राफ्टखाली पोकळी पडते आणि माती पाइललाच खाली ओढू लागते. तिथे त्यांचाच नियम पाळायला हवा. पण घट्ट मातीतही तोच लावून जादा पाइल्स ठोकणे ही सुरक्षितता नव्हे, मातीपरीक्षणाच्या बोअरहोलच्या नोंदी नीट न वाचल्याची ती भरपाई आहे.

— एक स्थापत्य अभियंता, ठाणे