वाइन म्हणजे दारू नव्हे?

गेल्या आठवड्यात लोणी काळभोरचे एक काका तपासणीला आले. वय ६२, मधुमेह, फॅटी लिव्हर, ट्रायग्लिसराइड वाढलेले. व्हिस्की त्यांनी माझ्या सांगण्यावरून सोडलेली. पिशवीतून हळूच एक बाटली काढली. जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलाने आणलेली, मोझेल खोऱ्यातली रीझलिंग. "डॉक्टर, ही तर द्राक्षंच. रोज एक ग्लास हृदयाला चांगला ना?"

तुम्हालाही असं वाटतं का? मग जरा हिशेब करू. १२ टक्के अल्कोहोल असलेल्या वाइनच्या १५० मिलीच्या ग्लासात सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम. काकांची रीझलिंग ८ टक्क्यांची, म्हणजे एक ग्लास हा जवळपास एक पेगच! ते द्राक्षातून आलं की धान्यातून, हे लिव्हरला कळत नाही.

हृदयाचं म्हणाल, तर जुन्या अभ्यासांत थोडी पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी दिसले. पण 'न पिणाऱ्यां'त आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजले गेले होते, आणि वाइन पिणारे बरेचदा सुखवस्तू, व्यायाम करणारे. अल्कोहोलयुक्त पेयांमुळे कॅन्सर होतो, हे कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ मध्येच सांगितलं. 'कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही', असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं. खुद्द जर्मनीच्या आहारविषयक संस्थेनेही २०२४ मध्ये, अजिबात न पिणंच उत्तम, असा सल्ला दिला.

जानेवारी २०२२ मध्ये आपल्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मंजुरी दिली, तेव्हा शेतकऱ्यांचं हित हे कारण पुढे केलं होतं. ते कारण मला खोटं वाटत नाही. नाशिक, नारायणगावचा बागायतदार खरड छाटणी, गोडी छाटणी, डावणी, भुरी यांत वर्षभर अडकलेला असतो, वरून अवकाळी पाऊस. २००९ च्या सुमारास वाइनच्या द्राक्षांना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा अनेकांनी बागा उपटल्या. त्यांना भाव मिळायलाच हवा. पण त्यासाठी किराणा घेता घेता पोरांच्या डोळ्यांसमोर तेल-साखरेच्या शेजारी बाटली असावी, हे मला डॉक्टर म्हणून पटत नाही. 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे तर मुळीच नाही. (मी स्वतः कधीतरी लग्नाकार्यात घोटभर घेतली आहे. औषध म्हणून नव्हे.)

तुम्ही इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेत असाल, तर उपाशीपोटी वाइनने साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. मेट्रोनिडाझोल चालू असेल तर थेंबही नको. द्राक्षं मात्र खा. मधुमेह असेल तर दहा-बारा, आणि जेवणावर लगेच नकोत. रस काढून तर नकोच.

काकांनी बाटली परत पिशवीत ठेवली. "मग पोराला काय सांगू?" म्हणाले. मी म्हटलं, पुढच्या वेळी बाटलीऐवजी चार दिवस जास्त रजा काढून ये म्हणावं. ट्रायग्लिसराइड तीन महिन्यांनी पुन्हा तपासणार आहोत.