वेबसाइट वाढली, आता जागा बदला

घरच्या शिलाईकामाची किंवा मसाल्यांची वेबसाइट सुरुवातीला शेअर्ड होस्टिंगवर ठीक चालते. पण ते चाळीतल्या सामायिक नळासारखे असते : शेजाऱ्याने पाणी ओढले की आपली धार बारीक. ईदच्या तोंडावर ऑर्डरी वाढतात, नेमके तेव्हाच पान उघडत नाही आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाते.

गर्दी बारमाही असेल तर व्हीपीएस घ्या. त्यात मेमरी व प्रोसेसरचा ठरावीक वाटा आपल्यासाठी राखलेला असतो. मात्र देखभाल कोण करणार, हे आधी विचारा. गर्दी सणापुरतीच असेल तर क्लाउड बरे. क्षमता वाढवून नंतर कमी करता येते.

पैसे भरताना पहिल्या वर्षाचा नव्हे, नूतनीकरणाचा दर पाहा. आणि डोमेन, ज्या बहिणीचा धंदा तिच्याच नावावर असू द्या.